नळ्यांचा डबा, भुकटी, वाडगा, चिमटा: बिअर्डीच्या जिवंत खाद्याच्या साहित्याची पारख

बिअर्डेड ड्रॅगनला, म्हणजे ‘बिअर्डी’ या पाळीव सरड्याला, जिवंत कीटक द्यायचे म्हटलं की दुकानात एकामागून एक वस्तू पुढे येतात. नळ्यांचा डबा, रंगीत जेलीचे तुकडे, पाणी शोषून फुगणारे स्फटिक, भुकटीच्या दोन-तीन बाटल्या, वाडगा, लांब चिमटा, शिवाय वाळवलेल्या अळ्यांचं पाकीट. आम्ही या सगळ्यांना तीन प्रश्न विचारले. कीटक सरड्याच्या तोंडात जातो तेव्हा त्याचं स्वतःचं पोट भरलेलं असतं का? त्याच्या अंगावर कॅल्शियम असतं का? आणि जेवण आटोपल्यावर पिंजऱ्यात एकही किडा मागे राहत नाही ना? यातल्या एकाही बाबतीत उपयोगी न पडणारी वस्तू घेण्यात अर्थ नाही, मग तिच्या खोक्यावर सरड्याचं कितीही देखणं चित्र असो.

नळ्यांचा डबा

रातकिडे ठेवण्यासाठी मिळणारा हा डबा पारदर्शक प्लास्टिकचा असतो. त्याच्या भिंतीतल्या भोकांतून दोन किंवा चार काळ्या नळ्या आत तिरक्या बसवलेल्या असतात. रातकिड्याला अंधार आणि अडचणीची जागा आवडते, म्हणून दिवसा तो आपणहून नळीत शिरून बसतो. नळी बाहेर ओढायची, दुसऱ्या टोकावर बोट ठेवायचं आणि पेल्यात झटकायची, की पाच-दहा किडे एकदम हाती लागतात. उड्या मारणारे रातकिडे हाताने पकडताना निम्मे निसटतात आणि उरलेल्यांचे पाय तुटतात. तो त्रास या डब्याने खरोखर संपतो, आणि त्यासाठी त्याला पूर्ण गुण.

उणिवा मात्र नीट समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे हवा. बहुतेक डब्यांना फक्त झाकणात बारीक फटी असतात. रातकिड्यांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि ओल असली की तो जास्तच होतो. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर समजा, तळाशी मेलेले किडे आहेत. बाजूच्या भिंतीला तळहाताएवढी चौकोनी खिडकी कापून तिथे धातूची बारीक जाळी चिकटवली की फरक पडतो. नायलॉनची जाळी लावू नका, रातकिडे ती कुरतडतात. दुसरी उणीव नळीच्या तोंडाशी आहे. नळी आणि भोक यांच्यात केसभर फट असली तरी नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं तिथून बाहेर पडतात. अगदी लहान किडे आणायचे असतील तर हा डबा बाजूला ठेवा आणि उंच, गुळगुळीत भिंतींचा साधा डबा वापरा.

तिसरी गोष्ट क्षमतेची. मध्यम डब्यात पूर्ण वाढलेले पन्नासेक रातकिडे सुखाने राहतात. त्याहून जास्त कोंबले की ते एकमेकांना खाऊ लागतात, आणि त्यात पहिला बळी जातो तो कात टाकून नुकत्याच पांढऱ्या, मऊ झालेल्या किड्याचा. जास्त किडे ठेवायचे असतील तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेला मोठा डबाच बरा. ट्रे उभेच हवेत. आडव्या ट्रेच्या खळग्यांत विष्ठा साचते, उभ्यांवरून ती खाली पडते.

तापमान २१ ते २६ अंशांच्या दरम्यान, जागा कोरडी. उघड्या वाटीत पाणी ठेवलं तर रातकिडे त्यात बुडतात. गाजराचा काप किंवा पाण्याचे फुगलेले स्फटिक पुरतात. काप रोज बदलायचा, कारण बुरशी धरलेलं गाजर सगळा डबा खराब करतं.

डुबिया झुरळांसाठी नळ्यांचा डबा घेऊ नका. डुबिया गुळगुळीत भिंत चढू शकत नाही, उडी मारत नाही, आवाज करत नाही. साधा प्लास्टिकचा खोल डबा आणि आत दोन ट्रे एवढ्यावर तिचं भागतं.

कीटकाला खाऊ घालायचं ते काय

रातकिडा किंवा झुरळ सरड्यासाठी एक पिशवी आहे. पिशवीत जे असेल तेच सरड्याला मिळतं. दुकानातून प्रवास करून आलेल्या किड्याचं पोट रिकामं असतं, म्हणून आणल्या दिवशीच तो सरड्याला देऊ नये. निदान २४ तास, शक्यतो ४८ तास त्याला खाऊ घाला. गाजर, लाल भोपळा, रताळं आणि गडद हिरव्या पालेभाज्या चालतात. पालक मात्र थोडा, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

बरण्यांतून मिळणाऱ्या रंगीत जेलीच्या चौकोनी तुकड्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. त्यात बहुतांश पाणीच असतं. पाणी म्हणून ठीक आहेत, पण ‘कॅल्शियमयुक्त’ हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. पोटात भरलेल्या खाद्यातून रातकिड्याचं कॅल्शियम खरंच वाढवायचं असेल, तर त्या कोरड्या खाद्यात सुमारे ८ टक्के कॅल्शियम असावं लागतं आणि ते दोन ते तीन दिवस द्यावं लागतं. बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आकडा २ टक्क्यांच्या आसपास असेल तर ते रातकिडा जगवण्याचं खाद्य आहे, सरड्याला सुदृढ करण्याचं नाही. उलट ८ टक्केवालं खाद्य किड्यांना कायम घालू नका, त्यावर ते लवकर मरतात. ते फक्त शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी.

कॅल्शियमची भुकटी

या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. रातकिडे आणि मीलवर्म, सुपरवर्म या अळ्या, या सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी असतं. सरड्याला हे प्रमाण उलटं हवं: एका भाग फॉस्फरसला एक ते दोन भाग कॅल्शियम. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत घडू शकतं.

भुकटी घेताना तीन गोष्टी पाहा. ‘फॉस्फरसविरहित’ असं लिहिलेलं हवं. भुकटी टाल्कम पावडरइतकी बारीक हवी, कारण रवाळ भुकटी किड्याच्या गुळगुळीत पाठीवरून घसरून पडते. आणि ड जीवनसत्त्व (ड३) आहे की नाही, हे नक्की माहीत हवं. चांगल्या दर्जाचा अतिनील ‘बी’ (यूव्हीबी) किरणांचा दिवा असेल तर सरडा स्वतःच्या कातडीत ड३ तयार करतो. अशा वेळी रोजची भुकटी ड३ नसलेली, साध्या कॅल्शियम कार्बोनेटची घ्यावी. ड३ असलेली आठवड्यातून एक-दोन वेळा पुरते, आणि बहुजीवनसत्त्वांची एकदा. दिव्यातून तयार होणाऱ्या ड३चा अतिरेक होत नाही, पोटातून दिलेल्याचा होतो, आणि मग कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचू लागतं. म्हणून रोज प्रत्येक किड्यावर ड३वाली भुकटी टाकायची सवय चांगली नाही. वाढत्या पिल्लाला साधं कॅल्शियम जवळपास रोज एका वेळच्या खाण्यावर, प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा.

किडे घोळवण्याची पद्धत साधी आहे. उंच, गुळगुळीत पेल्यात चिमूटभर भुकटी घ्या, दहा-बारा किडे टाका आणि पेला गोल फिरवा. हलवून आपटू नका, पाय तुटतात. किडे फारच चपळ असतील तर आधी तीन-चार मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले की मंदावतात. अंगावर हलका पांढरा थर दिसला आणि डोळे अजून काळे दिसत असले, की पुरे. भुकटीचे गोळे झालेला किडा सरडा तोंडात घेऊन थुंकतो, आणि दोन-चार वेळा असं झालं की तो त्या जातीच्या किड्याकडे पाहतही नाही.

पेल्याच्या तळाशी बसलेला रातकिडा जवळून पाहा. तो पुढच्या पायाने एक मिशी खाली ओढतो, तोंडातून टोकापर्यंत ओढून पुसतो, मग दुसरी. पुढे पायांची पाळी येते. तो भुकटीच साफ करत असतो. म्हणून घोळवलेला किडा लगेच सरड्यासमोर गेला पाहिजे. तास-दोन तास पिंजऱ्यात हिंडलेल्या किड्याच्या अंगावर कॅल्शियम उरलेलं नसतं, मग भुकटी कितीही उत्तम असो. नळ्यांच्या डब्याच्या नळीतच भुकटी टाकून हलवण्याचा जो सल्ला खोक्यावर छापलेला असतो, तो आम्हाला पटत नाही. नळीतल्या ओलीने भुकटीचे खडे होतात, आणि अर्धी नळीलाच चिकटून राहते.

भुकटीची बाटली दिव्याच्या उबेजवळ ठेवू नका. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. जीवनसत्त्वंवाली भुकटी उघडल्यावर सहा महिन्यांत संपवायची. साधं कॅल्शियम कोरडं राहिलं तर टिकतं.

वाडगा आणि चिमटा

अळ्यांसाठी वाडगा उपयोगी आहे, पण नीट निवडला तरच. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि काठ आतल्या बाजूला वळलेला हवा. दगडासारखा दिसावा म्हणून खडबडीत केलेल्या वाडग्यातून सुपरवर्म सहज चढून बाहेर येतात आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दडतात. वाडगा इतका बुटका हवा की सरड्याला कडेवर हनुवटी टेकवून आत पाहता यावं. तापण्याच्या दिव्याखाली ठेवू नका, अळ्या काही मिनिटांत भाजून निघतात. जागा पिंजऱ्याच्या थंड बाजूला. तळाशी भुकटी पसरली तर वळवळणाऱ्या अळ्या आपोआप घोळल्या जातात, हा वाडग्याचा खरा फायदा. रातकिड्यांना वाडगा चालत नाही, ते उडी मारून निघून जातात.

चिमट्याबद्दल आमचं मत ठाम आहे: टोकदार स्टीलचा चिमटा घेऊ नका. बिअर्डी झडप घालतो तेव्हा किडा आणि चिमट्याचं टोक एकदमच तोंडात येतं. त्याच्या जबड्याच्या बाजूचे दात थेट हाडाला जोडलेले असतात आणि एकदा तुटले की पुन्हा येत नाहीत. बोथट, सिलिकॉनच्या टोकाचा किंवा बांबूचा २५ ते ३० सेंटिमीटरचा चिमटा घ्या. किड्याला मागच्या बाजूने हलकेच धरा, आणि सरड्याने पकडलं की लगेच सोडा, ओढाओढ करू नका. जखमी, नवीन किंवा एका डोळ्याने नीट न दिसणाऱ्या सरड्यासाठी चिमटा अमोल आहे.

कुठला किडा, किती

साहित्याइतकाच माल महत्त्वाचा. रोजच्या खाण्याचा पाया म्हणून डुबिया आणि रातकिडे हेच आमच्या पसंतीचे. दोघांतून एक निवडायचा तर डुबिया: प्रथिनं जास्त, पळापळ कमी, आणि सरड्याला चावण्याची भीती जवळजवळ नाही. ज्यांना जवळपास झुरळ ठेवणं सोसत नाही, त्यांनी रातकिडे घ्यावेत. त्यात पट्टेरी रातकिडा लहान पण फार चपळ असतो. साध्या घरगुती रातकिड्याच्या पैदास केंद्रांचं एका विषाणूने मोठं नुकसान केल्यानंतर अनेक उत्पादक पट्टेरी जातीकडे वळले.

ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांत मुळातच फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त असतं, त्यामुळे त्यांना भुकटी लागत नाही. अडचण एवढीच की त्यांची कातडी चिवट असते, आणि न चावता गिळलेली अळी जशीच्या तशी विष्ठेत बाहेर पडते. पिल्लांना मात्र त्या नीट चावता येतात का, ते पाहून द्या. रेशमाच्या अळ्या मऊ आणि कमी चरबीच्या, फार चांगल्या, पण त्यांना तुतीचं खाद्य लागतं आणि त्या जगवणं कष्टाचं. हॉर्नवर्म या अळीत सुमारे ८५ टक्के पाणी असतं, म्हणून तो आजारी किंवा कमी पाणी प्यायलेल्या सरड्याला उपयोगी, पण पोटभर देऊ नये, विष्ठा पातळ होते. फक्त पाळलेले, तयार खाद्यावर वाढवलेले हॉर्नवर्म घ्या. टोमॅटोच्या रोपावर सापडलेल्या अळीच्या पोटात त्या रोपाची विषारी द्रव्यं असतात.

सुपरवर्ममध्ये सुमारे १८ टक्के आणि वॅक्सवर्म या अळीत सुमारे २५ टक्के चरबी असते, रातकिड्यात ६ टक्क्यांच्या आसपास. वॅक्सवर्म म्हणजे मिठाई, आठवड्यातून एक-दोनच. एकदा त्याची चटक लागली की सरडा बाकी सगळं नाकारतो. मीलवर्म फ्रिजमध्ये ७ ते १० अंशांवर ठेवता येतात, सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये मरतात. हा फरक माहीत नसल्यामुळे कित्येकांची आख्खी खेप वाया जाते. सुपरवर्म सरड्याचं पोट फाडून बाहेर येतो, ही ऐकीव भीती खरी नाही. डोकं ठेचून देण्याची गरज नाही.

आकाराची पट्टी एकच: सरड्याच्या दोन डोळ्यांच्या मधल्या अंतरापेक्षा किडा लांब असू नये. मऊ अळ्या जरा लांब चालतात, पण जाड नकोत. पिल्लांच्या बाबतीत ही पट्टी काटेकोर पाळा. मोठा किडा घशात अडकतो किंवा पोटात पचत नाही, आणि पोटात जागा व्यापून पडला की सरड्याला विष्ठा होत नाही.

तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी १० ते १५ मिनिटांत खाईल तेवढे किडे. त्यानंतर वर्षाच्या होईपर्यंत दिवसातून एक-दोनदा. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा, पाच ते दहा मध्यम किडे, आणि बाकी रोज पालेभाज्या. प्रौढाला पिल्लाच्या हिशेबाने किडे घातले तर डोक्यामागचे चरबीचे फुगवटे गाठीसारखे टणक होतात आणि यकृतावर चरबी चढते. त्याची भूक हा मापदंड नाही. तो नेहमीच मागतो.

देताना

दिवे लागून किमान तासभर झाला असेल आणि सरडा तापून बसला असेल, तेव्हाच खाऊ घाला. तापण्याच्या जागी ३८ ते ४२ अंश हवेत. थंड पोटात किडा पचत नाही, कुजतो. शेवटचं खाणं दिवे बंद होण्याच्या दोन तास आधी आटपलं पाहिजे.

किडे सुटे सोडायचे असतील तर एका वेळी तीन-चारच. ते खाल्ले की पुढचे. पिंजऱ्यात वाळू किंवा भुसा पसरला असेल तर वेगळ्या गुळगुळीत तळाच्या टोपल्यात द्या, नाहीतर किड्यासोबत मूठभर वाळूही पोटात जाते. वेगळ्या टोपल्यात ठेवल्यावर घाबरून न खाणारे सरडेही असतात. त्यांच्यासाठी पिंजऱ्यातच फरशीची मोकळी पट्टी करा.

उरलेले किडे काढणं हा सगळ्यात टाळला जाणारा आणि सगळ्यात महागात पडणारा भाग. रात्री भुकेलेले रातकिडे झोपलेल्या सरड्याच्या पायांची बोटं, पापण्या आणि शेपटीचं टोक कुरतडतात. कोपऱ्यात गाजराचा काप ठेवला तर अर्ध्या तासात चुकार किडे त्यावर गोळा होतात आणि उचलता येतात. हे काढलेले किडे परत डब्यात टाकू नका. सरड्याच्या विष्ठेवरून फिरून आलेल्या किड्याच्या पायांना सूत्रकृमींची अंडी आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी लागलेले असू शकतात. तोच किडा पुढच्या वेळी खाल्ला की जंतांचं चक्र पुन्हा सुरू होतं, आणि औषध देऊनही ते थांबत नाही. असे किडे पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, मग टाकून द्या.

बागेतून किंवा दिव्याखालून पकडलेले किडे कधीही देऊ नका. त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं. काजवा तर एकही नाही. त्यातलं विष सरड्याच्या हृदयावर परिणाम करतं, आणि एकच काजवा खाऊन बिअर्डी काही तासांत दगावल्याच्या नोंदी आहेत.

वाळवलेल्या अळ्यांचं पाकीट आम्ही घेणार नाही. पाणी नाही, पोटात भरता येत नाही, आणि हालचाल नसल्यामुळे बहुतेक सरडे तोंड लावत नाहीत. नाइलाज असेल तेव्हा कोमट पाण्यात भिजवून भाजीत मिसळा.

झुरळांची आणि मीलवर्मची विष्ठा वाळून धूळ होते, आणि ती काहींना बाधते: आधी शिंका, मग खोकला. डबा घराबाहेर किंवा उघड्या खिडकीशी साफ करा, तोंडावर मास्क बांधा, आणि सरडा वा किडे हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कारण साल्मोनेला हा जिवाणू दोघांकडूनही येऊ शकतो. नळ्यांचा डबा दर खेपेला रिकामा करून गरम पाण्याने धुवायचा. नळ्यांच्या आतून बाटली घासायचा बारीक ब्रश फिरवायचा, पूर्ण कोरडं करायचं, आणि मगच नवे किडे आत सोडायचे. ओल्या नळीत सोडलेली खेप दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी उताणी पडलेली दिसते.